भरवणारा हात

एखाद्याला आपण भरवले, जगवले, लहानाचे मोठे केले म्हणजे तो आपल्या मालकीचा होतो का? हा प्रश्न आईबापांनी मुलांबाबत, मालकाने नोकराबाबत आणि राज्यकर्त्याने रयतेबाबत स्वतःला विचारावा असा आहे. मी तो येथे पोपटाच्या पिल्लाबाबत विचारणार आहे. मुले मोठी होऊन जाब विचारतात, नोकर काम सोडून जातो, रयत मतपेटीतून बोलते. पिल्लू काहीच करू शकत नाही. म्हणून त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या प्रेमाची जात कळते.

थंडी सरू लागली की मावळात पोपटांच्या विणीचे दिवस येतात. पोपट सहसा स्वतः ढोली कोरत नाही. तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरलेली, नाहीतर फांदी कुजून झालेली पोकळी तो शोधतो आणि चोचीने थोडी रुंद करून घेतो. मादी तीन-चार अंडी घालते, सुमारे तीन आठवडे उबवते. पिल्ले निघतात ती उघडीनागडी, डोळे मिटलेली. पुढे सहा-सात आठवडे आईबाप आपल्या गळ्यात मऊ केलेले अन्न त्यांच्या चोचीत उतरवतात. पिल्ले ढोलीबाहेर उडाली तरी हे भरवणे लगेच थांबत नाही. आणखी काही दिवस ती मागे मागे फिरतात, चोच उघडतात आणि हळूहळू कधीतरी स्वतः खाऊ लागतात.

यांतली काही पिल्ले माणसाच्या हाती येतात. त्याच्या वाटा तीन. पहिली, कोणी झाडावर चढून ढोलीत हात घालतो आणि पिल्ले काढतो. दुसरी, झाड तोडताना किंवा वादळात फांदी मोडून पिल्ले खाली येतात आणि एखादा दयाळू माणूस ती उचलून घरी आणतो. तिसरी वाट अलीकडची. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्यूर, कोकॅटील अशा परदेशी जातींच्या जोड्या पिंजऱ्यात ठेवून त्यांची वीण करवली जाते. अंडी उबवणी यंत्रात ठेवतात, किंवा पिल्ले दोन-तीन आठवड्यांची झाली की आईबापांपुढून उचलतात आणि हाताने भरवतात. पुण्या-मुंबईत हा छंद आणि त्याच्या आधाराने चालणारा धंदा दोन्ही आज मूळ धरून आहेत. लोणावळ्याच्या मोठ्या आवारांच्या बंगल्यांपर्यंत तो पोचायला वेळ लागत नाही.

वाटा तीन असल्या तरी पिल्लाला भरवणारा हात तिन्हीकडे सारखाच दिसतो, आणि त्या हाताचे कष्ट खरे असतात. ज्याने हे काम केले नाही त्याला त्याची कल्पना येणार नाही. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सुमारे ३६ अंश सेल्सिअसची ऊब लागते. पिसांचे कोंब फुटू लागले की ती टप्प्याटप्प्याने कमी करायची. पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी भरवावे लागते, रात्रीसुद्धा. पेज ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान हवी. जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. थंड झाली तर अन्न पुढे सरकत नाही, तेथेच आंबते. सिरिंज घाईने दाबली तर पेज श्वासनळीत जाते आणि क्षणात पिल्लू दगावते. दिवसातून एकदा तरी ती पिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. रोज सकाळी भरवण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवायचे. आपल्याकडे मायेपोटी दूध-पोळी कुस्करून देतात. पण पक्ष्याला दुधातली साखर पचवता येत नाही. म्हणजे येथे नुसती माया पुरत नाही, ज्ञान लागते. जो माणूस महिना-दीड महिना आपली झोप मोडून हे सारे करतो, त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणूनच प्रश्न अवघड होतो. निर्दयपणाचा निवाडा सोपा असतो. येथे निवाडा करायचा आहे तो प्रेमाचा.

हाताने भरवलेला पोपट माणसाळतो. खांद्यावर बसतो, हाक मारली की येतो, मान खाजवून घेतो. पाळणारा अभिमानाने सांगतो, ‘दार उघडे आहे, तरी तो जात नाही. मग तो कैदी कसा? तोच माझ्यावर प्रेम करतो.’ यात खोटे काही नाही. पोपटाची ओढ खरी असते. पण ती ओढ कशी तयार झाली, हे विचारल्याशिवाय तिला त्याची संमती मानता येत नाही.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९३०च्या दशकात कलहंसाच्या पिल्लांचा अभ्यास केला. अंड्यातून निघाल्यावर त्यांच्यासमोर जो प्रथम हालताना दिसतो त्यालाच ती आई समजतात, मग तो दाढीवाला शास्त्रज्ञ का असेना. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी लॉरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पोपटात हा ठसा इतका झटपट उमटत नाही, पण उमटतो. न्यूझीलंडमधल्या काकापो या न उडणाऱ्या दुर्मीळ पोपटाच्या जातीत १९९७ साली सिरोको नावाचे पिल्लू जन्मले. श्वसनाचा आजार झाल्यामुळे त्याला हातावर वाढवावे लागले. तो वाचला, पण आपल्या जातीच्या माद्यांकडे वळला नाही. माणसालाच जोडीदार मानू लागला. २००९ साली बीबीसीच्या चित्रीकरणात तो एका प्राणिशास्त्रज्ञाच्या डोक्यावर चढून बसला, तेव्हा जगाला हसू आले. पुढच्याच वर्षी न्यूझीलंड सरकारने त्याला संवर्धनाचा अधिकृत प्रवक्ता नेमले. सिरोकोला वाचवण्यात काहीच चूक नव्हती. पण जीव वाचवताना त्याची जात हरवली. आता तेथे पिल्ले हाताने वाढवावी लागली तर एकेकटी वाढवत नाहीत, घोळक्याने वाढवतात. त्यांनी एकमेकांना ओळखावे, हा हेतू.

दुसरे एक संशोधन मला याहून महत्त्वाचे वाटते. व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या हिरव्या पोपटांच्या घरट्यांत कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण केले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. या पोपटांत प्रत्येकाची एक खास हाक असते, आपल्या नावासारखी. पिल्लू बोलू लागण्यापूर्वीच आईबाप त्याच्याजवळ ती हाक उच्चारतात, आणि पिल्लू तिच्यात थोडा बदल करून ती आपली करते. संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल करून पाहिली. पिल्लांनी हाक उचलली ती जन्मदात्यांची नव्हे, वाढवणाऱ्यांची. याचा अर्थ असा की ढोलीत पिल्लाला अन्नाबरोबर ओळख मिळत असते. आपण त्या पिल्लाला ‘मिठू’ म्हणतो आणि ते ‘मिठू मिठू’ करू लागले की टाळ्या वाजवतो. त्याला दुसरी हाक मिळू शकली असती, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ‘पोपटपंची’ हा शब्द आपण अर्थ न कळता बोलणाऱ्याची टिंगल करायला वापरतो. वास्तविक पोपटाची पोपटपंची ही आपलीच शिकवण आहे. रानात तो निरर्थक बोलत नाही.

आपल्या धार्मिक परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. ज्यांना पक्षी पाळायचा असतो ते अबू उमैरची हदीस सांगतात. हजरत अनस (र.) यांचा हा लहान भाऊ. त्याच्याजवळ एक छोटा पक्षी होता. तो मेला आणि मुलगा खिन्न झाला, तेव्हा पैगंबरांनी (स.) लाडिकपणे त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. या एका छोट्या हदीसमधून इब्नुल कास या शाफई फकीहाने साठ मुद्दे काढले. लहान मुलाने पक्ष्याशी खेळण्यास, पक्षी बाळगण्यास परवानगी आहे, असे जे अनेक फकीहांनी म्हटले त्याचा आधार हीच हदीस. ती खरी आहे आणि मोठी हृद्य आहे.

पण तिच्याशेजारी आणखी दोन हदीस ठेवल्या पाहिजेत. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की एका प्रवासात सहाबांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली. आई पंख पसरून भोवती घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) ते पाहिले, तिला पिल्लांवरून कोणी दुःख दिले असे विचारले आणि पिल्ले परत करायला लावली. ती पिल्ले कोणी मारणार होता, असा उल्लेख तेथे नाही. घेणाऱ्यांचा हेतू काय होता, हेही विचारले गेले नाही. आईची तडफड एवढे एकच कारण पुरेसे ठरले.

दुसरी हदीस मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची. ती सर्वांना पाठ आहे, पण तिचा उत्तरार्ध आपण घाईने ओलांडतो. त्या बाईवर ठपका दोन गोष्टींचा आहे. तिने मांजरीला खाऊ घातले नाही हा एक. आणि तिला मोकळे सोडून स्वतःचे अन्न शोधू दिले नाही हा दुसरा. म्हणजे कोंडणाऱ्यावर भरवण्याची जबाबदारी येतेच. पण भरवण्याशिवाय आणखी एक मार्ग सांगितला आहे: त्या जिवाचे अन्न या धरतीवर आहे, ते त्याला शोधू द्या. माझ्या मते कोंडणे आणि पाळणे यांतला फरक येथे आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये दोन पंखांनी उडणाऱ्या पाखरांना माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत म्हणजे नुसती संख्या नव्हे. तिच्यात आपसातली ओळख येते, रीतभात येते, आणि एका पिढीने दुसरीला दिलेली शिकवणही येते. पिल्लू उचलणारा फक्त एक पक्षी उचलत नाही. तो त्याला त्याच्या उम्मतीतून तोडतो.

मौलाना रूमींच्या मसनवीतल्या व्यापाऱ्याचेही आपल्या पोपटावर प्रेमच होते. हिंदुस्थानच्या सफरीवर निघताना त्याने पोपटाला विचारले, तुझ्यासाठी काय आणू? पोपटाने काहीही आणायला सांगितले नाही. तिथल्या मोकळ्या पोपटांना आपला हाल सांगावा, एवढेच मागितले. पुढे तो पोपट मेल्याचे सोंग घेऊन कसा सुटला, ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. व्यापाऱ्याजवळ द्यायला सगळे होते. फक्त पोपटाला जे हवे होते ते त्याला सुचले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मूल वाढवण्यातला सर्वांत कठीण टप्पा कोणता? आपल्या बायाबापड्या सांगतील, दूध तोडणे. पाजणे सोपे असते, तोडणे अवघड. पोपटाच्या पिल्लातही तसेच आहे. पिसे पुरी आली, पंख फडफडू लागले की एक दिवस ते सिरिंजकडे पाठ फिरवते. वजन थोडे उतरते. ते उतरायलाच हवे, जड शरीराने उडता येत नाही. अशा वेळी वाढवणारे दोन प्रकारे वागतात. काही जण दिनदर्शिका पाहून घास बंद करतात. अमुक आठवडे झाले, आता खा नाहीतर उपाशी राहा. पिल्लू विकायची घाई असते. काही तर भरवणे सुरू असतानाच ते विकतात आणि नवख्या गिऱ्हाइकाच्या हाती सिरिंज देतात. सांगतात, तुम्ही भरवले की तुम्हालाच लळा लागेल. दुसरे लोक समोर मऊ फळे, भिजवलेली धान्ये, भाजीपाला मांडून ठेवतात, पिल्लाने चोच उघडली तर भरवतात, आणि ते स्वतःहून नको म्हणेपर्यंत वाट पाहतात.

सूरह अल-बकरामध्ये तान्ह्या बाळाचे दूध तोडण्याविषयी सांगताना आईबापांनी परस्परसंमतीने आणि सल्लामसलतीने तोडावे, अशी अट घातली आहे. मला ही अट फार विचार करण्यासारखी वाटते. ज्याचे दूध तोडायचे त्याला वाचा नाही. म्हणून भरवणाऱ्याने एकट्याच्या सोयीने निर्णय घ्यायचा नाही. तोडणे असो की चालू ठेवणे असो, ते बाळाच्या हिताचे असले पाहिजे. अरबी कोशकारांनी ‘रब’ या शब्दाचा अर्थ एखाद्या गोष्टीला एका अवस्थेतून दुसरीत नेत तिच्या पूर्णत्वापर्यंत पोचवणारा, असा दिला आहे. संगोपनाचा अर्थ यात आला. पूर्णत्वाला पोचणे म्हणजे भरवणाऱ्याची गरज संपणे.

मावळातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो राब भाजतो, त्यात भाताचे बी टाकतो, रोपाला जपतो. पण तीन-चार आठवड्यांनी ते उपटून चिखलात लावतो. मायेपोटी रोप राबातच राहू दिले तर ते हिरवे दिसेल, ओंबी मात्र धड धरणार नाही. हाताने भरवलेल्या पोपटाला आपण बहुधा जन्मभर राबात ठेवतो आणि त्याच्या हिरवेपणावर खूश राहतो.

यावर एक आक्षेप येईल. आपण शेळी पाळतो, कोंबडी पाळतो, बकरीदचा बोकड हाताने चारा घालून वाढवतो; मग पोपटाचेच काय? उत्तर असे की शेळी-कोंबडी हजारो वर्षे माणसाच्या दारात वाढत आली. पोपट, अगदी पिंजऱ्यात जन्मलेलासुद्धा, रानापासून फार तर काही पिढ्या दूर आहे. त्याचे पंख, त्याचा आवाज, त्याची थव्याची ओढ सारे रानातलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मग सोडून द्यावे का सगळे? नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या डोंगरांत १९८६पासून काही वर्षे जाड चोचीचे पोपट पुन्हा सोडून पाहिले. बंदिवासात वाढलेल्या पक्ष्यांना थव्याने राहता येईना, अन्न नीट मिळवता येईना. ससाण्यांनी त्यांना टिपले. प्रयत्न फसला. लोणावळ्याच्या चार महिन्यांच्या पावसात आफ्रिकेचा पोपट सोडून देणे ही मुक्ती नव्हे, हात झटकणे आहे. तेव्हा कर्तव्य वाटेनुसार बदलते. खाली पडलेले देशी पिल्लू वाढवायचे तर ते त्याच्या जातीच्या पिल्लांबरोबर, माणसाचा लळा कमीत कमी लावून, उडण्याच्या तयारीने वाढले पाहिजे. ते जाणकारांचे काम आहे. परदेशी पोपट आधीच घरात असेल तर तो अमानत आहे. त्याला पंख न कापता उडायला जागा हवी, सोबतीला त्याच्या जातीचा पक्षी हवा. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, हे मृत्युपत्रात लिहिण्याजोगे आहे.

आणि ज्याच्या घरात अजून पोपट नाही त्याच्यासाठी प्रश्न सर्वांत सोपा आहे. आईबाप धडधाकट असताना पिल्लू केवळ माणसाळावे म्हणून त्यांच्यापासून उचलणे, हे भरवणे वाचवण्यासाठी नाही, बांधून घेण्यासाठी आहे. नेदरलँड्सने २०१४च्या नियमांनी पोपटाची पिल्ले स्वतः खाऊ लागण्याआधी आईबापांपासून तोडण्यावर बंधने घातली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी आंतरराष्ट्रीय करारातल्या अनेकांची नोंदणी करावी लागते, तिचे नियम २०२४ साली आले. मे २०१५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका आदेशात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे म्हटले. पण कायदा बहुधा पोचतो तो झाडावर चढणाऱ्या गरीब पोराच्या मानगुटीपर्यंत. पैसे मोजून पिंजरा सजवणारा सुटतो. त्या पोराने ढोली कुऱ्हाडीने रुंद केली की ती पुढच्या विणीलाही निकामी होते. पण कुऱ्हाड त्याच्या हातात गिऱ्हाइकाने दिलेली असते, हे विसरून चालणार नाही.

पाखरांवर प्रेम करायला त्यांना भरवावेच लागते, असेही नाही. डॉ. सालिम अली लहानपणी पाखरे पकडून पाळत, छऱ्याची बंदूकही चालवत. एका मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १९३० साली अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. त्या पाखरांना त्यांनी काही दिले नाही, नुसते पाहिले; आणि त्यांच्या संसाराबद्दल तोवर कोणाला ठाऊक नव्हते ते जगाला सांगितले. आपल्याच समाजातल्या या माणसाची आठवण मुलांना पिंजरा घेऊन देण्यापूर्वी जरूर व्हावी.

येत्या उन्हाळ्यात मावळातल्या एखाद्या झाडाखाली पोपटाचे पिल्लू दिसेल. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. पिसे फुटली नसतील आणि ढोली हाताला लागत असेल तर ते परत ठेवावे. पिसे आली असतील तर जवळच्या फांदीवर बसवून दूर व्हावे. जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. मग थोडे लांब उभे राहून वाट पाहावी. बहुतेक वेळा आई येते. आपल्या हातून त्या पिल्लाला एक घासही गेलेला नसतो, तरी त्याचा हक्क त्याला मिळालेला असतो.